टेबलाच्या कडेवरचे दात

आठ जुलैला प्रोकोपिस संताचा दिवस, म्हणून तो प्रोकोपिस काराव्लासचा नामदिन. त्या दिवशी त्यांच्या घरी कुणाला आमंत्रण लागत नाही. जो येईल त्याच्या हातात ग्लास द्यायचा आणि खुर्ची सरकवायची, एवढंच. पण यंदा सकाळपासून त्याच्या सुनेचं, आर्गिरोचं, कामात लक्ष नव्हतं. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळता गुंडाळता तिनं तीन पानं फाडली. चौथं फाडलं तेव्हा वासोनं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं.

"दे इकडे. आज तुझ्या हाताखाली पानंच काय, माणसंही फाटतील."

वासो आर्गिरोची मोठी नणंद. लग्न होऊन चार घरं पलीकडे गेली त्याला वीस वर्षं झाली, पण माहेरच्या स्वयंपाकघराची किल्ली तिनं अजून सोडलेली नव्हती. आर्गिरोनं वाद घातला नाही. ती लेकीच्या, मिर्सिनीच्या जेवणाकडे वळली. पोरगी नऊ वर्षांची, जेवण मात्र दात न आलेल्या बाळाचं: उकडलेला बटाटा, काटे काढलेला मासा, वरून तेल, आणि सगळं काट्यानं दाबून दाबून अगदी मऊ केलेलं. मिर्सिनीचं तोंड जेमतेम एक बोट आत जाईल एवढंच उघडत होतं. शिवाय वर्षभरात तिची हनुवटी डावीकडे सरकायला लागली होती.

गेल्या आठवड्यात अथेन्सच्या डॉक्टरनं स्कॅन दिव्यासमोर धरला होता. "कानापुढचा जबड्याचा सांधा खराब झालाय, हे दिसतंय. कशानं झाला, ते दिसत नाही. दोनच गोष्टी असू शकतात. सांधे सुजण्याचा आजार, नाहीतर मार. हनुवटीवर कधी पडली होती?"

"नाही," आर्गिरो म्हणाली होती. "दोन वर्षांपूर्वी गालगुंड झालं होतं, तेवढंच."

"घरात आणखी कुणाचा जबडा असा आहे?"

होता की. नवऱ्याच्या पेलागिया आत्याचा. तिला लहानपणी ताप आला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. सत्तर वर्षं बाई सूप आणि पेजेवर जगली. डॉक्टरनं तेही लिहून घेतलं आणि मान हलवली. मग बहुधा आजारच. नऊ तारखेपासून दर आठवड्याला एक सुई, निदान दोन वर्षं. जोरकस औषध, उलट्या होतील, रक्त तपासत राहावं लागेल. "पण घरी जाऊन एकदा सगळ्यांना विचारा," तो दारापर्यंत येऊन म्हणाला होता. "मार असेल तर या सुईचा काडीचा उपयोग नाही. उलट तेवढ्या दिवसांत हाडाला हाड चिकटत जाईल आणि चेहरा वाकडाच वाढेल. आठ तारखेला दुपारी तीनपर्यंत मी इथं आहे. काही कळलं तर फोन करा."

आज आठ तारीख होती.

"वासोताई, दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला मिर्सिनी तुमच्याकडे होती ना?"

"होती. तू धाकट्या अँथीच्या वेळी बाळंतपणाला मितिलिनीच्या दवाखान्यात, तुझा नवरा इग्नातिस बोटीवर. मग काय देवळात ठेवायची होती?"

"तेव्हा ती पडलीबिडली होती का?"

वासोनं पानाची कड आत दुमडली. पान नीट होतं, तरी पुन्हा उलगडून दुमडली. "गालगुंड झालं होतं. मी फोनवर सांगितलं होतं तुला. तान्ह्या बाळाला लागण नको म्हणून पंधरा दिवस पोर माझ्याकडे ठेवून घेतली, तेही विसरलीस वाटतं."

"विसरले नाही. पण गावात त्या वेळी आणखी कुणाला झालं होतं?"

"मी काय गावभर लोकांचे गाल मोजत फिरते?"

आर्गिरो पुन्हा बटाटा दाबायला लागली. फार विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला अलीकडे वाटायचं. नाताळात पाहुण्यांसमोर मिर्सिनी मटणाचा तुकडा घेईना, तेव्हा तिनंच पोरीला थोबाडीत दिली होती. "मुद्दाम करतेस! उघड तोंड!" असं म्हणत बोटांनी तुकडा आत कोंबला होता. मिर्सिनी रडली, तीही मिटल्या दातांनी. त्या थोबाडीत कुठल्या गालावर बसली होती, हे आर्गिरोला अजून आठवत होतं. डाव्या. दुखऱ्या.

*

वासो हात पुसत मागच्या अंगणात गेली. प्रोकोपिस तुतीच्या झाडाखाली टेबल धूत होता. चौकोनी, चार पायांचं, कॉफीच्या दुकानात असतं तसलं टेबल, पण या घरात त्याला मान होता. काराव्लास पुरुष सणावारी ते नुसत्या दातांत धरून उचलायचे; हात पाठीमागे, टेबलाचे पाय पोटाला टेकलेले, आणि वर, तोंडाशी, घरातलं एखादं मूल बसलेलं. मग व्हायोलिनच्या तालावर तीन फेऱ्या. एका कडेला लाकूड खाल्ल्यासारख्या खुणा होत्या. सर्वांत खोल प्रोकोपिसच्या आजोबांची, तिच्या बाजूला वडिलांची, आणि शेवटची त्याची स्वतःची. घरातली मुलं त्या खळग्यांत बोटं घालून मोजत मोठी झाली होती.

"बाबा, सांगून टाका."

"काय?"

"आता माझ्यासमोर तरी नाटक नको. तिनं मला विचारलं. तिच्या तोंडाकडे बघून मी खोटं बोलले. पुन्हा बोलले." वासोचा आवाज चिरकला. "तीनपर्यंत डॉक्टर आहे. उद्यापासून पोरीला सुया सुरू होतील, त्याही नसलेल्या आजाराच्या."

"डॉक्टरला कळत नाही काय? शिकलेला माणूस आहे."

"त्याला आपणच गालगुंड सांगितलं! मीच सांगितलं. डोक्याला रुमाल बांधून पंधरा दिवस कोंडून ठेवली मी तिला. आई गेल्यावर त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा हसत होतात, म्हणून मला दया आली. म्हटलं, सूज आहे, उतरेल. उतरली पण. मला वाटलं, संपलं."

प्रोकोपिसनं फडकं पिळलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, अजून खांदे रुंद, मिशी पांढरी आणि वळवलेली. "आज अख्खा गाव येईल जेवायला," तो म्हणाला. "उद्या सांगतो. शप्पथ."

"उद्या कशाला? उद्या तर सुई आहे."

तो टेबलाची कड पुसत राहिला. आपण पन्नाशीला आलो तरी या माणसाला घाबरतो, याची वासोला शरम वाटली, आणि ती तशीच आत निघून गेली.

*

दुपारी दीडपर्यंत तुतीखाली पंधरावीस माणसं जमली. सार्डिन मासे भाजल्याचा धूर, ऊझोच्या बाटल्या, व्हायोलिनवाल्याची तार पिळणं सुरू. परवाच बोटीवरून परतलेला इग्नातिस धाकट्या अँथीला मांडीवर घेऊन बसला होता. दोन वर्षांची ती पोर बापाला अजून परका माणूस समजून त्याचे कान ओढून बघत होती. पेलागिया आत्या नेहमीसारखी टोकाला, हातात सुपाचा कप. तिच्याशेजारी मिर्सिनी. जेवताना त्या दोघी कायम शेजारी बसायच्या. कुणी त्यावर कधी काही बोललं नव्हतं.

आर्गिरो उभी राहिली. हातात काटा होता, तो तिनं खाली ठेवला.

"मला एक विचारायचंय. सगळे आहात म्हणून इथंच विचारते." आणि तिनं डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं, सुईचं, हाडाचं, तीन वाजताचं. "मिर्सिनी कधी हनुवटीवर पडली होती का? कुणी पाहिलं असेल, कुणाच्या हातून झालं असेल. मी कुणाला काही बोलणार नाही. फक्त सांगा."

व्हायोलिनवाल्यानं तार सोडून दिली. वासो पाव कापत होती, तिनं मान वर केली नाही. प्रोकोपिसला सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्यासारख्या वाटल्या. वळल्या नव्हत्या खरं तर. पण नामदिन त्याचा, घर त्याचं, उत्तर त्यानंच द्यायचं असतं.

"सूनबाई," तो म्हणाला, "पडली असती तर आम्ही सांगितलं नसतं का? काय राक्षस आहोत का आम्ही?"

वाक्य बाहेर पडलं आणि आपण काय केलं हे त्याला कळलं. आत्तापर्यंत तो नुसता गप्प होता. आता खोटं बोलला होता, तेही पोरीच्या देखत. मिर्सिनी त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती मान डोलवत होती, म्हणजे जणू त्याला धीर देत होती.

"झालं!" वासोचा नवरा पनायिस टाळी वाजवून म्हणाला. पनायिसला तीन ग्लासांनंतर कुठलीच शांतता सहन होत नसे. "आजार आहे तर डॉक्टर बघेल. आज रडायचा दिवस नाही. बाबा, दोन वर्षं झाली, टेबल उचललं नाही तुम्ही. गावात लोक विचारतात, म्हाताऱ्याचे दात दुखतात की काय?"

लोक हसले. कुणीतरी टेबलावरचे ग्लास उचललेही.

"दातांचं काय झालंय माझ्या?" प्रोकोपिस म्हणाला.

"मग दाखवा! ए इग्नातिस, दे रे ती छोटी. काराव्लासांची पोर टेबलावर बसल्याशिवाय काराव्लास होते का?" पनायिसनं अँथीला उचललं आणि टेबलाच्या कडेला, खळग्यांच्या बाजूला, नेऊन बसवलं. पोरीनं दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. व्हायोलिन सुरू झालं.

प्रोकोपिस नाही म्हणू शकला असता. पुढे कितीतरी दिवस तो हेच म्हणत राहिला, मी नाही म्हणू शकलो असतो. पण आत्ता नाही म्हटलं तर लोक विचारतील का, आणि आर्गिरोच्या प्रश्नानंतर लगेच विचारतील. त्यानं रुमालाची घडी केली, कडेवर ठेवली, हात पाठीमागे बांधले आणि वाकला.

"नको!"

मिर्सिनी खुर्ची उलटी पाडून धावत आली. तिनं बहिणीला कमरेला धरून टेबलावरून ओढलं, आणि दोघी मातीत बसल्या. अँथी रडायला लागली. "नको, आजोबा! परत तुमचे—"

ती थांबली. हातानं तोंड झाकलं.

"परत?" आर्गिरो जवळ आली. "परत म्हणजे काय? आजोबांचे काय, मिर्सिनी?"

पोरगी मान हलवत राहिली. डोळे मात्र आजोबांवर होते. सांगू का, असं विचारत होते.

प्रोकोपिस सरळ उभा राहिला. मग त्यानं तोंडात अंगठा घातला, वरची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली, बरोब्बर त्याच्या आजोबांच्या खळग्यांशेजारी. त्याचा वरचा ओठ आत गेला आणि मिशी खाली आली. गावानं इतकी वर्षं पाहिलेला माणूस तिथं उरलाच नाही.

"मीच पाडली हिला," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द हवेत निसटत होते. "दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वरचे सगळे दात काढले. शहरात जाऊन. कुणाला सांगितलं नाही. ईस्टरच्या सोमवारी म्हटलं, लोक यायच्या आधी एकदा जमतंय का बघू. पोरीला बसवलं. दुसऱ्या पावलाला कवळी सुटली. टेबल गेलं, पोर गेली, दारापुढच्या फरशीवर, हनुवटीवर. कवळी तिच्या तोंडासमोर पडली होती. पोर रडली नाही आधी, तिकडेच बघत राहिली. आणि मी काय म्हणालो? लागलं का, असं नाही म्हणालो. म्हणालो, हे कुणाला सांगायचं नाही."

वासो पाव तसाच ठेवून पुढे आली. "मी होते घरात. आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं होतं. दातांचं मला माहीत नव्हतं. पण पडल्याचं माहीत होतं. गालगुंड मीच ठरवलं."

पनायिस खाली बसला.

इग्नातिस मात्र उठला. "दोन वर्षं!" तो बापाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "बोटीवरून फोन केला की विचारायचो, पोरगी नीट जेवते का? आणि तुम्ही म्हणायचात, पेलागिया आत्यावर गेलीय! आपल्या रक्तातच आहे म्हणायचात!"

"मला ताप आला नव्हता."

पेलागिया आत्या मिटल्या दातांआडून बोलायची, त्यामुळे ती बोलायला लागली की सगळे आपोआप पुढे वाकायचे. आजही वाकले.

"मी चार वर्षांची होते. हेच टेबल. बाबांनी ऊझो जास्त घेतला होता. पडले, आठवडाभर सूज होती, मग तोंड उघडेना. आईनं ताप सांगितला, मीही तेच सांगत आले. बापाला गावात मान होता ना." तिनं कप खाली ठेवला. "तू जन्मलाही नव्हतास, प्रोकोपिस. तुला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. तुझ्या पोरांना तू टेबलावर बसवायचास, मग नातीला बसवलंस. दर वेळी मी इथंच बसून बघत होते. एक शब्द बोलले असते तर ही पोर भाकरी चावून खात असती. तू पाडलीस एकदा. मी रोज पाडली."

पाहुण्यांतला एकजण उठला, मग आणखी दोघे. टोप्या घेऊन, निरोप न घेता, फाटकातून बाहेर.

आर्गिरोनं मोबाईल काढला. अडीच वाजले होते. तिनं नंबर लावला, घंटा वाजायला लागल्यावर फोन सासऱ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा."

प्रोकोपिसचा हात कवळीकडे गेला. तिनं तो मधेच धरला.

"तसंच सांगा, बाबा."

त्यानं तसंच सांगितलं. निम्मे शब्द डॉक्टरला कळले नाहीत, म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं, तेही फोनचा आवाज मोठा केलेला. कधी? किती उंचावरून? उजव्या बाजूला आपटली? हो, मग मोडलं डावीकडचं, तसंच होतं. दुसऱ्या दिवशी तोंड उघडत होतं का? दाखवलं का नाही?

"लाज वाटली," प्रोकोपिस म्हणाला.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि तुमची बहीण? तिला तर ताप होता म्हणे."

"तीही पडली होती."

"कशावरून?"

"त्याच टेबलावरून."

डॉक्टर म्हणाला, सुई नको. गुरुवारी पोरीला घेऊन या. हाड मोकळं करावं लागेल, आणि नंतर सहा महिने रोज तोंड उघडायचा व्यायाम, रडली तरी. हनुवटी सरळ होईल का, ते आत्ता सांगता येणार नाही. वर्षभर आधी आला असतात तर सांगता आलं असतं.

फोन बंद झाल्यावर आर्गिरो मातीत मिर्सिनीसमोर बसली. अँथी बहिणीच्या मांडीवर झोपायला आली होती.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"दातांचं कुणाला सांगायचं नव्हतं."

"दातांचं जाऊ दे. तू पडलीस ते? दुखत होतं ते?"

मिर्सिनीनं आईकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "दुखतं ते सांगितलं होतं की. खूपदा."

आर्गिरोला नाताळ आठवला. तिनं हात पुढे केला, पोरीच्या डाव्या गालाजवळ नेला आणि तसाच मागे घेतला. त्या गालाला हात लावायचा धीर तिला झाला नाही. मग मिर्सिनीनंच तो धरून कानापुढे ठेवला. "इथं दुखतं," ती म्हणाली.

माणसं गेली. व्हायोलिनवाला पैसे न मागता गेला. भाजलेल्या सार्डिन तशाच राहिल्या, थंड झालेल्या. इग्नातिस फाटकाशी पाठ करून उभा होता. वासो ताटं गोळा करायला लागली, पण कुणाच्या पुढ्यातलं उचलावं हे न कळून मधेच थांबली. प्रोकोपिस खुर्चीत बसला होता, मांडीवर हात टाकून. कवळी टेबलावर तशीच होती, ती उचलायला कुणी गेलं नाही, तोही नाही. त्याच्यापुढे नामदिनाचं ताट होतं, सकाळपासून त्याच्यासाठी राखून ठेवलेला कोकराचा तुकडा, वर कडक झालेली चरबी.

मिर्सिनी उठली. आपली बशी घेऊन टेबलाला वळसा घालून आली. बटाटा, मासा, तेल, सगळं काट्यानं दाबून मऊ केलेलं. बशी तिनं आजोबांपुढे ठेवली, त्यांचं ताट बाजूला सरकवलं आणि चमचा त्यांच्या हातात दिला.

"हे घ्या, आजोबा," ती म्हणाली. "हे चावावं लागत नाही."